मुक्काम कोण ठरवतो? वैनगंगेपासून समुद्रापर्यंत चालणाऱ्या गावाचा इतिहास

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर घेऊन निघालेल्या प्रवाशाला रात्री कोठे तरी थांबता आले पाहिजे, त्यासाठी कॅरव्हान पार्क असावेत आणि तेथे पाणी, वीज, स्वच्छतागृह यांची सोय असावी, अशी त्यामागची कल्पना. घर बरोबर घेऊन हिंडणाऱ्याला रस्ता सापडतोच. अडचण येते ती संध्याकाळी. एवढे मोठे घर उभे कोठे करायचे, पाणी कोणाचे घ्यायचे आणि थांबण्याची परवानगी कोणाकडे मागायची?

गोंदिया जिल्ह्याच्या भूमीने हा प्रश्न शतकानुशतके पाहिला आहे. तेव्हाच्या घराला चाके नव्हती. हजारो बैलांच्या पाठीवर ते चालत असे. त्याचे नाव तांडा.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. नकाशावर तो समुद्रापासून फार दूर दिसतो. परंतु पश्चिमेचा कोकणकिनारा येथून सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरहून लांब आहे, तर पूर्वेचा समुद्र, चिलिका सरोवराजवळचा, साडेपाचशेच्या आसपास. वैनगंगेकाठच्या माणसाला जवळचा समुद्र पूर्वेचा. मीठ समुद्रात पिकते आणि धान येथे पिकते, या साध्या गोष्टीतून एक प्रचंड वाहतूक उभी राहिली. ती वाहतूक करणाऱ्या बंजारा समाजाला मराठीत ‘लमाण’ असेही म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती बहुधा ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दापासून लावली जाते.

तांडा म्हणजे नेमके किती मोठे प्रकरण?

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते, सर्व धान्याने लादलेले. मंडीने नोंदवले आहे की ही माणसे बायकामुलांसह सारा संसार बरोबर घेऊन चालतात, बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात, आणि एका दिवसात सहासात मैलांपेक्षा अधिक मजल ते मारत नाहीत, तीही उन्हे उतरल्यावर किंवा चढण्यापूर्वी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने याच शतकात दहाबारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पूर्ण जाईपर्यंत प्रवाशाला दोनदोन तीनतीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो लिहितो. त्याच्या सांगण्याप्रमाणे या लोकांचे चार गट होते. एक धान्य वाहणारा, एक तांदूळ, एक डाळी आणि चौथा मीठ.

दोनतीन दिवस वाट अडवणारा तांडा रात्री उतरणार कोठे, याची कल्पना करून पाहावी. बैलाला दिवसाला साधारण तीस ते चाळीस लिटर पाणी लागते. तांडा अवघ्या हजार बैलांचा धरला, तरी रोजचे पाणी तीसचाळीस हजार लिटर झाले. गावची विहीर एवढे पाणी देऊ शकत नाही, आणि गावकरी तर मुळीच देणार नाहीत. शिवाय हजार बैलांना चरायला रान हवे. बैल एकामागे एक चालले, तर हजारांची रांग तीन किलोमीटर होते. म्हणजे रांगेची शेपटी पोहोचेपर्यंत तोंडाकडचा बैल चरूनही झालेला असतो.

म्हणूनच पूर्व विदर्भ ही तांड्यांच्या दृष्टीने मोलाची भूमी होती. जुन्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा प्रदेश म्हणत ते उगाच नव्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. बनारसकडून हे लोक आले आणि राजाने तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन दिली, अशी परंपरा सांगितली जाते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. तो अठराव्या शतकाच्या आरंभीचा. हे तलाव धानासाठी बांधले गेले होते, बैलांसाठी नव्हे. पण छत्तीसगडचे धान नागपूरकडे येण्याची वाट याच प्रदेशातून जात होती. दरेकसा, सालेकसा, देवरी, मासूलकसा घाट असे टप्पे लागत, आणि जंगल, गवत व तलाव हे तिन्ही एका दिवसाच्या अंतरावर मिळत. मोठ्या घराच्या प्रवाशाला याहून अधिक काय हवे?

तरीही मुक्कामाची जागा निवडण्याची एक रीत होती आणि ती मोठी विलक्षण आहे.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर ग्रंथ लिहिला. त्यात ‘हतादिया’ नावाच्या बैलाचे वर्णन उद्धृत केले आहे. हा देवाला वाहिलेला बैल. त्याच्या पाठीवर कधीही ओझे लादत नसत. लाल रेशमाच्या झुली, कवड्यांच्या माळा आणि गळ्यात घंटा असा सजून तो तांड्याच्या अग्रभागी चाले. चालून थकल्यावर तो जेथे बसेल, तेथे त्या दिवसाचा मुक्काम. आजारपण आले, संकट आले, की त्याच्याच पायाशी नवस बोलला जाई.

ही रीत भाबडी वाटते. पण बैलाच्या जागी बसून विचार केला तर ती तशी राहत नाही. ज्या प्राण्याच्या पाठीवर सारा संसार आहे, त्याच्या दमाचा अंदाज माणसापेक्षा त्यालाच अधिक. मोकळा चालणारा बैल जेथे बसतो तेथे लादलेले बैल केव्हाच थकलेले असणार. नफ्यासाठी आणखी दोन कोस हाकण्याचा मोह नायकाला झाला, तरी देवाच्या बैलाने तो निर्णय त्याच्या हातातून काढून घेतलेला असे.

बैल बसला की उतरणी सुरू होई. पाठीवरच्या गोणी खाली येत आणि त्यांची थप्पी गोल किंवा चौकोनी रचली जाई. हीच तांड्याची तटबंदी. आत पाल, चुली, मुलेबाळे. जागत्या कुत्र्यांचा पहारा. गोणींच्या या भिंतीआडून तांडा घोडेस्वारांच्या टोळीलाही दाद देत नसे, असे अठराव्या शतकाअखेरच्या इंग्रज लेखनात आढळते. जो माल विकायचा, तोच रात्रीची भिंत. सकाळी भिंत पुन्हा बैलांवर चढे आणि मागे राही ती फक्त राख. गाडीऐवजी पाठीवर ओझे का, याचेही उत्तर येथेच आहे. घाटात गाडी चढत नाही. पाठीवर गोण घेतलेला बैल मात्र शेळीच्या वाटेनेही जातो.

आता प्रश्न परवानगीचा. शेकडो बैल दुसऱ्याच्या शिवारात घुसवायचे, तर काही आधार हवा. बंजारा परंपरेत भंगी आणि झंगी या दोन नायकांची कथा आहे. शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या सैन्याचे धान्य या नायकांच्या बैलांवर होते. बैलांना चारापाणी मिळेना, म्हणून त्यांना सोन्याच्या अक्षरांचा एक ताम्रपट मिळाला, अशी कथा आहे. जेथे वजिराचे घोडे उभे राहतील तेथे या नायकांचे बैल उभे राहतील. पाणी नसेल तर रांजणातले घ्यावे, गवत नसेल तर छपराचे काढावे. आणि दिवसाला तीन खून माफ.

शेवटची सवलत ऐकून अंगावर काटा येतो, आणि छपराचे गवत गमावणाऱ्या गावकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पहिल्या दोन्ही सवलतीही सुखाच्या नव्हत्या. तांड्याचे कौतुक करताना हे विसरून चालत नाही. परंतु कथेतले मागणे नीट पाहावे. जमीन मागितलेली नाही, जहागीर मागितलेली नाही. पाणी, गवत आणि उभे राहण्याची जागा एवढेच मागितले आहे.

सैन्याला धान्य लागते तोवर हे मागणे कोणी नाकारीत नाही. मोगलांनी नाकारले नाही, मराठ्यांनी नाकारले नाही. १७९९च्या म्हैसूर मोहिमेत आणि १८०३च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात आर्थर वेलस्ली यानेही आपल्या फौजेच्या रसदीसाठी बंजाऱ्यांचीच मदत घेतली. असईत लढणाऱ्या इंग्रज फौजेच्या पोटामागे बंजाऱ्यांचे बैल होते, ही बाब लढाईच्या वर्णनांत सहसा तळटिपेत जाते.

गोंदियाच्या दृष्टीने मात्र १८०३ला दुसरे महत्त्व आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह होऊन ओडिशा नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या प्रभावाखाली आला. छत्तीसगड त्यापूर्वीच्या दशकात भोसल्यांकडे आलेले होते. म्हणजे पुढची सुमारे पन्नास वर्षे वैनगंगेचे खोरे, छत्तीसगडचे मैदान, महानदीचा डोंगराळ घाट आणि कटक–बालासोरचा मीठ पिकवणारा किनारा हे सारे एका नागपूर दरबारच्या छत्राखाली होते. डोंगर आणि समुद्र एका राज्यात आले. मधल्या संस्थानिकांच्या जकाती चुकत नव्हत्या, पण वाटेच्या दोन्ही टोकांना धनी एकच होता.

ओडिशाच्या किनाऱ्यावर मीठ दोन तऱ्हांनी तयार होई. उन्हात वाळवलेल्या मिठाला ‘करकच’ म्हणत आणि खारे पाणी आटवून काढलेल्याला ‘पांगा’. चिलिका सरोवराच्या आसपास करकच पिके. धान विकून मीठ घ्यायचे आणि मीठ विकून पुन्हा धान, हा तांड्याचा व्यवहार; त्याला बंजारा ‘लदेणी’ म्हणतात.

मंडीने दिलेल्या चालीने हिशेब करता येतो. दिवसाला दहाअकरा किलोमीटर. वाटेची वळणे धरून किनारा सातशे किलोमीटर मानला, तर एका दिशेला पासष्ट ते सत्तर मुक्काम. धान कापणी होऊन मार्गशीर्षात निघालेला तांडा माघाअखेर समुद्रावर पोहोचतो. उन्हे तापू लागलेली असतात, मिठागरांत मीठ धरू लागते. गोणी भरून उलट फिरले की वैशाखात तांडा पुन्हा वैनगंगेच्या बाजूला. यात फार उसंत नाही, कारण मीठ पावसात भिजले की गोणीतच विरघळते. मृग लागण्यापूर्वी घरी पोहोचणे ही या व्यापाराची न लिहिलेली अट होती. पावसाचे चार महिने तांडा जेथे गवत-पाणी असेल तेथे एका जागी राही.

या वाटेतला अवघड भाग महानदीचा. संबलपूर सोडून किनाऱ्याकडे जाताना बरमूलपाशी नदी डोंगरांच्या खिंडीतून जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कडा. तेथे तीन किलोमीटरची रांग उभी करणे अशक्य. मोठा तांडा तुकड्यातुकड्यांनीच पार होऊ शकतो. पलीकडे मैदान आणि समुद्र. पण खाऱ्या जमिनीवर गवत तुटपुंजे आणि गोडे पाणी दूर. डोंगर आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात मुक्काम ठेवून मिठागरापर्यंत ये-जा करण्याखेरीज इलाज नसे. दक्षिणेला आणखी एक वाट होती. बस्तरमधून कोरापुटकडच्या जेपूर पठारावर जायचे आणि सालूरजवळच्या घाटाने विजयनगरमच्या किनारी उतरायचे. त्या वाटेनेही बंजारे मीठ आणीत.

सप्टेंबर १८०३मध्ये कंपनीच्या फौजा पुरीत शिरल्या, ऑक्टोबरमध्ये कटकचा बाराबाटी किल्ला पडला. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडून दिला. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असते. वैनगंगेकाठच्या चुलीवर त्याचा अर्थ असा झाला की मिठागरे आता परक्या राज्यात गेली. कंपनीने लवकरच ओडिशाच्या मिठावर आपली मक्तेदारी बसवली. खाजगी मीठ काढणे हा गुन्हा ठरला, भाव चढले. १८१७च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे सांगितली जातात त्यांत मिठाची महागाई आहे. तांडे यायचे थांबले नाहीत. कंपनीलाही मीठ खपवायचेच होते. पण बैल कोठे थांबणार, याचा निर्णय हतादियाच्या हातून चौकीवरच्या कारकुनाच्या हाती जाऊ लागला.

पुढची पाऊणशे वर्षे या चौक्यांचीच आहेत. मीठ करातून सुटून आत येऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत एक जकात सीमा आखली, आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले. मध्य भारत ओलांडत जाणारी ही रेषा चार हजार किलोमीटरच्या घरात गेली. तिच्यावर हजारो शिपाई पहारा देत. सारा हेतू मिठाच्या गोणीवर कर घेण्याचा. १८७९ साली ती बंद झाली. एवढे मोठे कुंपण लोकांच्या स्मरणातून इतके पुसले गेले, हे इतिहासातले एक नवलच म्हणावे लागेल.

दरम्यान नागपूरचे राज्य १८५३–५४मध्ये खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला. या प्रांतात एक नवे फिरते घर दिसू लागले. थंडीच्या दिवसांत जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर निघे. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपे, तेव्हा दुसरा बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. गावाबाहेरची अमराई हा त्याचा ठरलेला पडाव. लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, गवत ही ‘रसद’ आणि सामान वाहायची ‘बिगार’ गावाने पुरवायची. दाम मिळत, पण ते वाटेतल्या चपराशाच्या मुठीतून गावकऱ्यापर्यंत किती उरत, हा वेगळा विषय.

म्हणजे एकाच शिवारात दोन फिरती घरे. एकाला मुक्कामाचा अधिकार आपोआप होता. दुसऱ्याचा अधिकार कायद्याने एकेक करून काढून घेतला जात होता. १८६५ आणि १८७८च्या जंगल कायद्यांनी रान राखीव झाले. चराईला कर लागला, काही ठिकाणी बंदीच. १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. एका जागी न राहणारी माणसे संशयित, हा त्यामागचा विचार. ठिकठिकाणी बंजाऱ्यांचे गट त्याच्या कक्षेत ओढले गेले. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. ज्या लोकांचा धंदाच गाव सोडण्याचा, त्यांना हा परवाना.

आणि मग रेल्वे. १८६७मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कोकणचे मीठ डब्यांतून येऊ लागले. नागपूर–छत्तीसगड मीटरगेज मार्ग १८८२मध्ये राजनांदगावपर्यंत गेला. गोंदिया हे त्यावरचे स्थानक. दरेकशाच्या डोंगरात, जेथून पूर्वी बैल वाट काढीत, तेथे बोगदा झाला. बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग घेऊन रुंद केला आणि १८९१मध्ये तो आसनसोलपर्यंत जोडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याची नॅरोगेज गोंदियातून जबलपूरकडे निघाली. गोंदिया हे जंक्शन झाले, तांदळाच्या गिरण्या आल्या, शहर वाढले.

सत्तर मुक्कामांचा प्रवास काही दिवसांवर आला. मीठ स्वस्त झाले आणि दुष्काळात धान्य लवकर पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. यात सामान्य माणसाचा लाभ होता हे मान्य करावे लागते. मात्र ज्यांनी ही वाहतूक शतके वाहिली, त्यांच्यासाठी पर्यायी धंदा कोणी आखला नाही. रसेल आणि हिरालाल लिहीत होते त्या सुमारास बंजाऱ्यांचा वाहतुकीचा व्यवसाय रेल्वे आणि पक्क्या रस्त्यांपुढे बुडालेला होता. अनेकजण शेतीकडे वा गुरांच्या व्यापाराकडे वळले होते. हतादिया बैलाचे वर्णनही त्यांनी जुन्या लेखनातूनच घेतले.

तांडे बसले ते पावसाळ्याचे मुक्काम जेथे असत अशा ठिकाणी, गवताच्या माळावर, गावापासून थोडे दूर. विदर्भ-मराठवाड्यात आजही गावाशेजारच्या बंजारा वस्तीला ‘तांडा’च म्हणतात, आणि तिच्या प्रमुखाला ‘नायक’. चालणाऱ्या गोष्टीचे नाव थांबलेल्या गोष्टीला चिकटले.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये येतो. विमुक्त, म्हणजे ज्यांना सोडण्यात आले ते. नवेगावचे रान १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. जलाशयाच्या काठावर आता पर्यटक येतात; जंगलात रात्री थांबायचे, तर वनखात्याचा परवाना लागतो.